भरीत पार्टीच्या स्किटमधली हिरवी वांगी आणि कंटिन्युटीच्या चुका

कपाशीवाला (जळगाव)

मंडळी, शनिवारी रात्री टीव्हीवरच्या विनोदी कार्यक्रमात आपल्याकडच्या भरीत पार्टीवर स्किट झालं. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. पुण्याचा जावई पहिल्यांदाच यावल तालुक्यातल्या शेतावर भरीत खायला आलाय. पोटात कावळे ओरडतायत. सासरे, म्हणजे नाना, कपाशीच्या काड्या पेटवतात, वांगी त्यात टाकतात आणि गोष्ट सांगायला बसतात. गोष्ट काही संपत नाही. शेवटी नाना वांगी बाहेर काढून केळीच्या पानावर ठेवतात, तर ती काळीठिक्कर. जावई ओरडतो, "नाना, हा तर कोळसा!" नाना काहीच बोलत नाहीत. एक वांगं उचलून सोलतात, आतून पांढरा मऊ गर निघतो, आणि मग म्हणतात, "जावईबुवा, तुम्ही अजून वरूनच पाहता."

शेवट फार सुरेख लिहिलाय. नानांचं काम करणाऱ्या नटाने वांगं सोलताना बोटं भाजल्यासारखी जी फुंकर मारली, ती तर अस्सल आहे. पण नेमकं "कोळसा" म्हणताना कॅमेरा लांब जातो आणि त्या शॉटमध्ये पानावर हिरवीगार कच्ची वांगी पडलेली दिसतात. पुढच्याच क्षणी जवळच्या शॉटमध्ये परत काळी. घरात कोणी हसलंच नाही. वडिलांनी विचारलं, "तो कोळसा कशाला म्हणतोय?"

कंटिन्युटीच्या, म्हणजे एका शॉटमधली गोष्ट पुढच्या शॉटमध्ये तशीच न राहण्याच्या, आणखीही चुका त्याच स्किटमध्ये सापडल्या. नानांचं उपरणं कधी डाव्या खांद्यावर, कधी उजव्या. यूट्यूबवरच्या क्लिपमध्ये जावयापुढचा पाण्याचा ग्लास रिकामा होतो आणि कोणी हात न लावता भरतो. मागे मोटारीच्या खोलीच्या भिंतीवर घड्याळ आहे, ते सव्वासातवरून पावणेसातवर येतं आणि परत पुढे जातं. या तिन्ही गोष्टी मी सोडून द्यायला तयार आहे. वांग्याची चूक मात्र सोडवत नाही. तुम्हाला काय वाटतं ते सांगा, आणि आणखी काही दिसलं असेल तर तेही टाका.

बामणोदचं वांगं

स्किट पाहिलं. हिरवी वांगी घेतली हे पाहूनच बरं वाटलं. नाही तर टीव्हीवर भरीत म्हटलं की जांभळी वांगी आणून ठेवतात. आपलं भरताचं वांगं मोठं, फिकट हिरवं, अंगावर पांढरट रेघा असलेलं आणि बी कमी असलेलं. जळगावच्या भरीत वांग्याला 2016 साली भौगोलिक मानांकनही मिळालंय. म्हणजे कलाविभागाने चौकशी केली होती. म्हणूनच पुढची चूक जास्त लागते. ज्यांनी वांगं शोधून आणलं त्यांचंच काम त्या एका शॉटने वाया गेलं.

एक मात्र आहे. टोपलीत हिरवी आणि पानावरच्या भाजलेल्या वांग्याच्या देठाजवळ जांभळी साल दिसते. म्हणजे भाजलेली वांगी दुसऱ्याच जातीची आणली होती. ही पण कंटिन्युटीचीच चूक म्हणायची का?

तिसरी घंटा (जळगाव)

हो, ही कंटिन्युटीचीच. चुकांचे प्रकार वेगळे ठेवले की चर्चा नीट होते. सगळीच वांगी जांभळी आणली असती तर ती माहितीची चूक झाली असती, कारण मग स्किट स्वतःशी तरी प्रामाणिक राहिलं असतं. टोपलीतलं हिरवं वांगं आगीतून जांभळं होऊन बाहेर आलं, म्हणजे स्किट स्वतःचंच म्हणणं खोडतं. तिसरा प्रकार उघडं पडण्याचा, म्हणजे चौकटीत माइक येणं, विंगेत उभा असलेला माणूस दिसणं. आयएमडीबी या सिनेमा-टीव्हीच्या माहितीच्या संकेतस्थळावर चुकांची वेगळी नोंद असते, तिथेही हे प्रकार असेच वेगवेगळे ठेवलेले आहेत.

शिरपूरकर काका

मला हा सगळा खटाटोप पटत नाही, आणि तसं स्पष्ट सांगतो. आठवड्याला नवीन स्किट लिहायचं, पाठ करायचं, लोकांसमोर करायचं, हसवायचं. ही माणसं जीव ओतून काम करतात. आम्ही लहानपणी जत्रेत तमाशा बघायचो. एकच बाकडं, ते राजाचं सिंहासन, तेच विहिरीचं कठडं, तीच नदी पार करायची नाव. सोंगाड्याने काठी दोन पायांत धरली की घोडा झाला. आम्ही कधी विचारलं नाही की राजाचं सिंहासन कुठे गेलं. प्रेक्षकाने थोडं मन मोठं ठेवावं.

तिसरी घंटा

काका, तुमचा तमाशाचा दाखला अगदी योग्य आहे, पण तो माझ्या बाजूचा आहे.

सोंगाड्याने काठीचा घोडा केला की तो घोडाच राहतो. त्याच घोड्यावर बसून तो राजाशी बोलतो, उतरताना लगाम कोणाच्या तरी हातात देतो, घोडा लाथ मारतो. मध्येच त्याने ती काठी विसरून टेकायला घेतली तर जत्रेतलं पोरगंसुद्धा ओरडेल, "घोडा पडला!" बाकड्याचं सिंहासन होतं तेव्हा ते सांगून होतं. प्रेक्षकाने मन मोठं केलं ते एका कराराने केलं: तू म्हणशील ते मी मानतो, पण तू पण मान. पानावरचं वांगं काळं आहे असं आम्ही मानलं होतं. ते स्किटने मानलं नाही.

आमच्या गटात राज्य नाट्य स्पर्धेच्या जळगाव केंद्रासाठी नाटक बसवताना प्रॉपर्टीच्या, म्हणजे नाटकात वापरायच्या वस्तूंच्या, टेबलावर प्रत्येक वस्तूभोवती खडूने रेघ मारतो आणि आत नाव लिहितो. अंधारात हात गेला तरी वस्तू तिथेच मिळाली पाहिजे, आणि प्रवेश संपल्यावर तिथेच परत आली पाहिजे. काम साधं आहे. पण ते कोणाचं तरी नेमून दिलेलं काम असावं लागतं. सगळ्यांचं काम असलं की ते कोणाचंच नसतं.

संकलनटेबल (मूळ चोपडा, सध्या पुणे)

मी एडिटिंग करतो, विनोदी कार्यक्रमही केलेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

असे कार्यक्रम एकाच वेळी अनेक कॅमेऱ्यांवर टिपतात. एक कॅमेरा सगळा रंगमंच घेतो, बाकीचे एकेका नटावर किंवा दोघांवर असतात. सगळ्यांचा टाइमकोड, म्हणजे चित्रावर नोंदली जाणारी वेळ, एकच चालतो. त्यामुळे एका कॅमेऱ्यावरून दुसऱ्यावर गेलो तरी तो क्षण तोच असतो. याचा अर्थ लक्षात घ्या: एकाच टेकमध्ये, म्हणजे एका वेळी सलग टिपलेल्या प्रसंगात, वांगं एका कॅमेऱ्याला हिरवं आणि दुसऱ्याला काळं दिसूच शकत नाही. तसं दिसलं, तर तिथे दोन वेगवेगळे टेक जोडले आहेत, हे नक्की. सिनेमात एकेक कोन वेगळा घेतात, तिथे चूक होण्याला दर शॉटला जागा असते. इथे चूक दिसली की जोड कुठे आहे ते आपोआप कळतं.

आता कपाशीवाला यांनी सोडून दिलेलं घड्याळ बघा. मी आत्ताच तो भाग पुन्हा थांबवून थांबवून पाहिला. हिरवी वांगी दिसतात त्या लांबच्या शॉटमध्ये घड्याळात पावणेसात आहेत. त्याआधीच्या आणि नंतरच्या जवळच्या शॉटमध्ये मागे सव्वासात. म्हणजे तो लांबचा शॉट अर्ध्या तासाने आधीच्या टेकचा आहे. त्या टेकमध्ये भाजलेली वांगी पानावर मांडलेलीच नव्हती. बहुधा पहिल्यांदा पूर्ण स्किट सलग करून घेतलं आणि ते टिपूनही ठेवलं. मग वांगी बदलून शेवट परत घेतला. एडिटला बसल्यावर "कोळसा" हा शब्द पहिल्या वेळी जास्त जोरकस वाटला असणार, म्हणून तो उचलला.

म्हणूनच सेटवर घड्याळ असेल तर त्यातली बॅटरी काढून ठेवतात आणि प्रसंगाप्रमाणे काटे हाताने फिरवतात. चालू घड्याळ एडिटरचं सगळं गुपित उघडं करतं.

साक्रीची लेक

उपरण्याचं मला वेगळंच वाटत होतं. कॅमेरा दुसऱ्या बाजूला गेला की डावं-उजवं बदलतं ना? मग ती चूक कशी?

संकलनटेबल

ताई, पडद्याची डावी बाजू आणि माणसाची डावी बाजू या वेगळ्या. कॅमेरा समोरून मागे गेला तर नाना पडद्याच्या उजवीकडून डावीकडे जातील, पण उपरणं त्यांच्या त्याच खांद्यावर राहील. खात्री करायला शर्टाचा खिसा बघायचा. पुरुषांच्या शर्टाचा खिसा छातीच्या डाव्या बाजूला असतो. उपरणं खिशाच्या बाजूच्या खांद्यावर आहे की पलीकडच्या, एवढंच पाहायचं. कधी कधी एडिटर शॉट आरशासारखा उलटा करतो, तेव्हा खिसाही उजवीकडे जातो आणि मागची अक्षरं उलटी होतात. इथे मागे "मोटार बंद करावी" असं लिहिलेलं नीट वाचता येतं आणि खिसा डावीकडेच आहे. म्हणजे शॉट उलटा केलेला नाही, नानांनीच उपरणं दुसऱ्या खांद्यावर घेतलंय.

आणि पावणेसातच्या शॉटमध्ये ते डाव्या खांद्यावर आहे, सव्वासातच्या सगळ्या शॉटमध्ये उजव्या. घड्याळ, उपरणं, वांगी, तिन्ही एकाच जोडाकडे बोट दाखवतात. तीन चुका नाहीत, एकच आहे.

कपाशीवाला

हे फार महत्त्वाचं निघालं. मग प्रश्न असा उरतो: एडिटरला हे दिसलं नसेल का? की दिसूनही ठेवलं?

संकलनटेबल

दिसलं असणार. वॉल्टर मर्च या नामवंत अमेरिकन संकलकाने कट कुठे करावा यासाठी सहा गोष्टी क्रमाने सांगितल्या आहेत आणि प्रत्येकीला वजन दिलंय. भावनेला 51 टक्के, गोष्टीला 23, लयीला 10, प्रेक्षकाची नजर कुठे आहे त्याला 7, पडद्याच्या सपाट चौकटीतल्या मांडणीला 5 आणि प्रत्यक्ष जागेतल्या सातत्याला फक्त 4. म्हणजे ग्लास इकडचा तिकडे गेला तरी चालेल, नटाचा चांगला क्षण सोडू नको. आम्ही सगळे याच वळणाने शिकलोय आणि माझा त्यावर विश्वास आहे. विनोदात तर फारच. "कोळसा" हा शब्द अर्ध्या क्षणाने उशिरा आला तरी हशा मरतो. तो नट पहिल्या टेकमध्ये मनापासून दचकला असेल, तर ते परत मिळत नाही.

तिसरी घंटा

पण दादा, याच हिशेबाने बघा. वांगं काळं होणं हे 4 टक्क्यांतलं आहे का? ते 23 टक्क्यांतलं आहे. काळं वांगं हीच गोष्ट आहे. ते काळं दिसलं तरच "कोळसा" खरा, आणि "कोळसा" खरा असला तरच नानांनी सोलून दाखवण्याला अर्थ. उपरणं जागेच्या सातत्यात मोडतं, त्याच्यावर कोणताही विनोद उभा नाही. दोघांना एका मापाने मोजता येणार नाही. मर्च यांची मांडणी एडिटरच्या बाजूने नेहमी सांगितली जाते, पण त्याच मांडणीत गोष्ट दुसऱ्या क्रमांकावर आहे.

मला वाटतं हीच कसोटी लावावी: हशा ज्या वस्तूवर उभा आहे, ती वस्तू हलता कामा नये. बाकीचं माफ.

शिरपूरकर काका

ही कसोटी मला मान्य आहे. उपरणं मोजणाऱ्यांचा मला राग येतो, वांगं मोजणाऱ्यांचा नाही.

अमळनेरी

जुन्या लोकांनी हे कसं सांभाळलं तेही बघण्यासारखं आहे. मुंबई दूरदर्शन 2 ऑक्टोबर 1972 ला सुरू झालं. त्या काळात टेप महाग आणि टेपवर कापजोड करणं जिकिरीचं. त्यामुळे प्रसंग सलग करून घेण्याकडेच कल असायचा. चूक झाली तर ती नटाची, जोडाची नाही. मराठी विनोदातले मोठे नट रंगभूमीवर तयार झालेले, त्यांना सलग करणं अंगवळणी होतं. दूरदर्शनच्या मालिकेत चिमणराव आणि गुंड्याभाऊ करणारे दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे दोघेही मुळात नाटकाचेच.

बाहेरच्या देशात उलट गंमत दिसते. बीबीसीवरच्या माँटी पायथन या विनोदी गटाच्या कार्यक्रमात स्टुडिओतले प्रसंग व्हिडिओ टेपवर आणि बाहेरचे 16 मिलिमीटर फिल्मवर टिपलेले असत. माणूस दारातून बाहेर पडला की चित्राचा पोतच बदलायचा. तेव्हाच्या ब्रिटिश टीव्हीवर हे सर्रास होतं. या लोकांनी मात्र त्या दोषावरच स्किट केलं. खोलीतल्या माणसांना बाहेर गेल्यावर कळतं की आपण फिल्मवर आहोत, आणि ज्या दाराने बाहेर जावं तिथे फिल्मच. दोष लपवता येत नसेल तर तो प्रेक्षकांसमोर ठेवायचा, हा एक मार्ग.

संकलनटेबल

अमेरिकेतला कॅरल बर्नेट यांचा विनोदी कार्यक्रम 1967 ते 1978 चालला. तो एकाच दिवशी प्रेक्षकांसमोर दोनदा टिपायचे आणि दोन्हींतलं चांगलं निवडायचे. तिथलाच स्किटचा कार्यक्रम सॅटर्डे नाइट लाइव्ह 11 ऑक्टोबर 1975 पासून थेट प्रक्षेपित होतो, पण त्याआधी त्याच संध्याकाळी प्रेक्षकांसमोर पूर्ण रंगीत तालीम होते. पुनःप्रक्षेपणात कधी कधी थेट प्रयोगातलं स्किट काढून तालमीतलं घालतात. म्हणून तिथे चुका शोधणारे लोक आधी विचारतात, तुम्ही कोणती आवृत्ती पाहिली? हा प्रश्न आपणही विचारायला हवा. टीव्हीवरचा भाग, रविवारी परत दाखवलेला भाग आणि यूट्यूबवरची क्लिप या तिन्ही वेगळ्या असू शकतात.

साक्रीची लेक

मग ग्लासचं उत्तर मिळालं! मी आधी फक्त क्लिप पाहिली होती, आता पूर्ण भाग पाहिला. नानांची गोष्ट चालू असताना सासूबाई येतात, तांब्यातून पाणी ओततात आणि "आणखी किती वेळ?" असं नवऱ्याकडे बघून न बोलता विचारून जातात. क्लिपमध्ये ते सगळं कापलंय. ग्लास रिकामा, आणि पुढच्या शॉटला भरलेला. म्हणजे ग्लासची चूक सेटवर झालेली नाही, क्लिप करताना झाली.

मला त्या सासूबाईंचं वाईट वाटतं. पूर्ण स्किटमध्ये त्यांना तेवढंच काम होतं आणि त्या नजरेला टाळ्या होत्या.

बामणोदचं वांगं

खरंय ताई. आणि भरीत पार्टीत घरच्या बाईला फक्त पाणी ओतायला ठेवलं हेही खटकलं. शेतात आग बाप्ये करतात हे ठीक. पण लसूण, हिरवी मिरची, शेंगदाणे, कांद्याची पात यांची तयारी आणि कळण्याची भाकर कोण करतं? तिला एखादं वाक्य देता आलं असतं.

भुसावळ यार्ड

एक चूक कोणाच्याच लक्षात आलेली दिसत नाही. सुरुवातीला जावई म्हणतो, "भुसावळला उतरलो आणि थेट शेतावर आलो." मध्यावर भूक लागल्याचं सांगताना म्हणतो, "जळगाव स्टेशनवर वडापाव खाल्ला असता तर बरं झालं असतं, पण उतरलो आणि तुमची गाडी उभी." पुण्याहून येणारी गाडी मनमाड, चाळीसगाव, जळगाव करत मग भुसावळला येते. यावलकडच्या शेतावर जायला तो भुसावळलाच उतरेल. जळगावला गाडीतून उतरून वडापाव घेतला असता, असं म्हणायचं असेल तर "तुमची गाडी उभी" हे जमत नाही.

ही वस्तूची चूक नाही, लिखाणाची आहे. संवाद दोन वेगळ्या दिवशी लिहिले गेले असावेत. घड्याळ आणि उपरणं यांच्यापेक्षा मला ही मोठी वाटते, कारण ती कोणत्याही टेकमध्ये असणारच.

अमळनेरी

लिखाणाचाच विषय निघाला तर नानांची बोली बघा. पहिल्या अर्ध्यात नाना म्हणतात, "मना जावाई उना शे." छान अहिराणी. शेवटी शेवटी म्हणतात, "माह्या जावायले भूक लागली." आता "माह्या" आणि "मले" लेवा गणबोलीत आहे, वऱ्हाडीतही आहे. अहिराणीत "मना" आणि "माले". एकच म्हातारा पंधरा मिनिटांत बोली बदलत नाही.

आणि शेत यावल तालुक्यातलं असेल तर तिथे लेवा गणबोलीच जास्त शोभली असती. यावल, रावेर, भुसावळकडची ती बोली, बहिणाबाईंच्या ओव्यांची. अहिराणी आमच्या अमळनेर, पारोळा, धुळे, साक्रीकडची. सबंध खान्देश एकच बोली बोलतो असं समजून लिहिलं की असं होतं.

साक्रीची लेक

माझ्या मते ही सर्वांत मोठी चूक आहे, वांग्यापेक्षाही. वांगं एका शॉटपुरतं हिरवं होतं. बोली पूर्ण स्किटभर नानांची ओळख आहे. टीव्हीवर आपला माणूस येतो तेव्हा तो कोणाचा माणूस आहे हे बोलीवरूनच कळतं. पहिल्या वाक्याला मला वाटलं हा आमच्याकडचा, आणि शेवटी तो आमचा राहिलाच नाही. कंटिन्युटी बघणाऱ्या माणसाच्या वहीत ग्लास आणि उपरणं असतं, बोलीचा रकाना कोणी ठेवत नाही.

तिसरी घंटा

रकाना ठेवायला हवा, हे शंभर टक्के. पण तिथे मी एक फरक करेन. बोली बदलली तरी "कोळसा" वर हशा येतो, कारण तो जावयाच्या तोंडी आहे. नानांच्या शेवटच्या वाक्यावर मात्र परिणाम होतो. "तुम्ही अजून वरूनच पाहता" हे त्यांनी सरळ प्रमाण मराठीत म्हटलंय. पुण्याच्या जावयाला कळावं म्हणून नाना मुद्दाम त्याच्या भाषेत बोलले असतील, तर ते उत्तम आहे. पण तसं वाटायला आधीची सगळी वाक्यं एकाच बोलीत पक्की असायला हवी होती. मग शेवटी भाषा बदलली हे ऐकणाऱ्याला जाणवलं असतं.

अमळनेरी

हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. असं केलं असतं तर काय स्किट झालं असतं!

बामणोदचं वांगं

वांग्याबद्दल एक सांगायचं राहिलं. "काळं म्हणजे करपलं" हे जावयाला वाटणं बरोबर आहे, तो पुण्याचा. पण आपल्याकडच्या प्रेक्षकाला काळं वांगं बघून करपलं असं वाटत नाही. काड्यांच्या जाळात साल काळी व्हायलाच हवी, तरच आत शिजतं, धूर मुरतो आणि साल हाताने निघते. जाळ कमी पडला तर साल चिकटून राहते आणि गर कच्चट लागतो. म्हणजे खान्देशातला माणूस हसतो तो जावयाच्या अज्ञानाला, आणि बाहेरचा माणूस आधी नानांवर हसतो आणि सोलल्यावर स्वतः फसतो. एकाच काळ्या वांग्यात दोन प्रेक्षकांसाठी दोन वेगळे हशे ठेवले होते. लिहिणाऱ्याने खूप विचार केलाय. हिरवं वांगं दिसलं आणि दोन्ही गेले.

कपाशीवाला

यासाठीच धागा काढला होता. त्या लेखकाला हे कोणी तरी सांगितलं पाहिजे की तुमचं लिहिलेलं आमच्यापर्यंत पोचलं.

संकलनदादा, एक विचारतो. पहिल्या टेकमधला "कोळसा" ठेवायचाच होता, आणि वांगी तर हिरवी. तुम्ही टेबलावर असता तर काय केलं असतं?

संकलनटेबल

आवाज पहिल्या टेकचा ठेवला असता आणि चित्र दुसऱ्या टेकमधल्या पानावरच्या काळ्या वांग्यांचं. बोलणाऱ्याचं तोंड दिसायलाच हवं असं नाही. उलट "कोळसा" ऐकू येताना डोळ्यासमोर कोळशासारखं वांगं असणं जास्त चांगलं. तेवढ्यासाठी वांग्यांचा जवळचा शॉट मात्र थोडा जास्त वेळ टिपलेला हवा. त्यानंतर नानांचा चेहरा, आणि मग सोलणारे हात. लांबचा शॉट लागलाच नसता. दुसरा मार्ग म्हणजे परीक्षकांचा किंवा प्रेक्षकांचा हसण्याचा शॉट मध्ये टाकणं. जोड झाकायला तो सगळेच वापरतात, पण इथे मी वापरला नसता. हसणारा चेहरा आधी दाखवला तर वांगं बघायचं राहून जातं.

साक्रीची लेक

मी आत्ता यूट्यूबवरची क्लिप परत लावली. तिथे लांबचा शॉट नाहीच! "कोळसा" ऐकू येतो तेव्हा पानावरची काळी वांगी दिसतात, जवळून. म्हणजे तुम्ही म्हणता तसंच कोणी तरी केलंय.

संकलनटेबल

म्हणजे तो जवळचा शॉट त्यांच्याकडे होता. शनिवारच्या प्रक्षेपणाला वेळ कमी पडला असणार आणि क्लिप करताना कोणाच्या तरी नजरेस पडलं. ज्याने हे दुरुस्त केलं त्याच्याच हातून सासूबाईंचं पाणी ओतणं कापलं गेलं. क्लिप लहान करायची होती, आणि त्याने वांगं वाचवून ग्लास सोडला.

तिसरी घंटा

आपल्या कसोटीने त्याचा निर्णय बरोबर ठरतो. पण सासूबाईंच्या नजरेलाही हशा होता ना ताई? पूर्ण भागात त्या क्षणी टाळ्या आहेत असं तुम्हीच लिहिलंय. मग ग्लाससुद्धा हशाची वस्तू झाला.

साक्रीची लेक

हो. टाळ्या पाणी ओतताना नाहीत, त्यानंतरच्या नजरेला आहेत. पण पाणी ओतायला त्या आल्याच नाहीत तर नजर कुठून येणार? मी तर म्हणेन नानांच्या गोष्टीतली दोन वाक्यं कापायची होती. गोष्ट लांबलीय हे सासूबाईंच्या एका नजरेत जास्त कळतं.

संकलनटेबल

ताई, हे पटलं. नानांच्या गोष्टीत बैलाचं जे दुसऱ्यांदा येतं, ते सुमारे तेवढ्याच लांबीचं आहे. तिथे कापलं असतं तर ग्लासही वाचला असता.